वाढत्या वयातील मुलांचे वाढते वजन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी आपण कोणी भरतकामावर, कोणी बचतीवर, कोणी संस्कारांवर बोलते. यंदा मी जो विषय निवडला आहे तो ऐकून काहींना हसू येईल. मला बोलावयाचे आहे ते आपल्या घरातील बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या वाढत्या वजनाविषयी, आणि त्याबरोबर त्यांच्या रक्तात गुपचूप वाढणाऱ्या साखरेविषयी. मी डॉक्टरीण नव्हे. परंतु मुलांच्या पोटात काय जाते हे डॉक्टरांपेक्षा रांधणारीलाच अधिक ठाऊक असते, आणि म्हणून हा विषय दवाखान्याइतकाच चुलीचाही आहे असे मला वाटते.

आपला धाराशिव जिल्हा दुष्काळाचा. १९७२ साली मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन खडी फोडलेल्या आजीबाई आज येथे बसल्या आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तीतही आपले नाव आले. अशा जिल्ह्यात मुलांच्या लठ्ठपणावर बोलणे म्हणजे काहीतरी शहरी खूळ, असे कोणी म्हणेल. पण मैत्रिणींनो, एक आकडा ऐका. २०१६ ते २०१८ या काळात सरकारने साऱ्या देशातील मुलांच्या पोषणाची पाहणी केली. तीत दहा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलांमागे चोवीस मुले वयाच्या मानाने बारीक निघाली आणि पाच मुले जाड निघाली. मात्र ज्यांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली आहे, अशी मुले निघाली दहा. जाड पाचच, मग साखर दहांची कशी वाढली? याचा अर्थ उघड आहे. जाड मुलांना धोका आहेच, पण बारीक दिसणाऱ्या मुलांतही काहींची साखर आतून बिघडू लागली आहे.

याचे कोडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उलगडून दाखविले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील बायकांचा अभ्यास चालविला. ह्या बायका आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, भाकरी-कालवण खाणाऱ्या. त्यांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची भरली, आणि विलायतेतील साउथहॅम्प्टन गावची बाळे ३.५ किलोची. आपली बाळे हाडाने आणि मांसाने कमी होती, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे दिसायला किडकिडीत, पण आत चरबी धरून ठेवणारी. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एक फोटो छापला. दोघांचे उंची-वजनाचे प्रमाण अगदी एकच, २२.३. पण युडकिन साहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! हाताच्या काकणाला आरसा कशाला?

त्या सहा खेड्यांतील बाळे पुढे अठरा वर्षांची झाली. तेव्हा पुन्हा तपासले, तर मुलांपैकी सुमारे ३७ टक्क्यांची आणि मुलींपैकी १८ टक्क्यांची साखर नेमापेक्षा अधिक निघाली, आणि तपासलेल्या साऱ्यांपैकी जवळजवळ निम्मी मुले तर वजनाने कमीच होती. ही गावे काही मुंबईची नव्हेत. आपल्या कळंब-वाशीसारखीच, परंडा-भूमसारखीच. डॉक्टरांचे म्हणणे असे की आईच्या पोटात ज्या बाळाला अन्न कमी पडते, त्याचे शरीर पहिल्यापासून काटकसर शिकते. जे मिळेल ते चरबी करून साठवावे, अशी त्याला सवय लागते. दुष्काळात ही सवय उपयोगी. पण त्याच शरीराला पुढे रोज बिस्किटे, फरसाण आणि गोड पाणी मिळू लागले, बसून राहणे आले, की तीच सवय वैरीण होते. पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहिलेल्या घरांना अति खाणे लवकर बाधते, ते असे. म्हणून हा विषय आपल्या जिल्ह्याचा नव्हे असे नाही, तो आपलाच अधिक आहे.

आता शरीरात होते काय, ते मी मला समजले तसे सांगते. आपण भाकरी खातो, भात खातो, त्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. ही साखर म्हणजे मळणी होऊन घरी आलेले धान्य समजा. ते साठविण्याच्या कणग्या म्हणजे आपल्या हातापायांचे स्नायू. कणगीचे झाकण उघडणारा एक रस आहे, त्याला इन्सुलिन म्हणतात. मूल धावले, खेळले, की कणगी रिकामी होते आणि पुढच्या जेवणाचे धान्य तीत सुखाने मावते. पण मूल दिवसभर बसूनच राहिले तर कणगी भरलेलीच राहते. वरून धान्य येतच असते. मग शरीर अधिकाधिक इन्सुलिन ओतते, झाकण तरीही नीट उघडत नाही, आणि उरलेले धान्य चरबी होऊन पोटावर, यकृतावर, जागा मिळेल तेथे पडते. काही वर्षांनी इन्सुलिन करणारे स्वादुपिंडच थकते, आणि त्याला आपण मधुमेह म्हणतो. पूर्वी हा रोग पन्नाशीचा समजला जाई. आता तो शाळेच्या दप्तराबरोबर येऊ लागला आहे. वीस वर्षांचा असताना ज्याला मधुमेह जडतो, त्याचे डोळे, मूत्रपिंड आणि हृदय चाळिशीतच धोक्यात येतात, म्हणजे नेमकी घर चालविण्याची वर्षे.

हे ओळखावे कसे? आमच्या आळीतील एका घरची हकीकत त्या माउलीच्या परवानगीने सांगते. तिचा मुलगा दहावीत. अंगाने भरलेला, घरात कौतुक की पोर खातेपिते आहे. त्याच्या मानेमागे काळा, जाडसर, मखमलीसारखा पट्टा आला. आईला वाटले, पोरगा नीट अंघोळ करीत नाही. वर्षभर बेसन लावले, लिंबू लावले, घासणीने मान घासली. मुलगा रडला, पण काळेपणा गेला नाही. पुढे तापासाठी दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी मान पाहताच रक्त तपासायला सांगितले. साखर उंबरठ्यावर होती आणि यकृतावर चरबी धरली होती. तो मळ नव्हताच. अंगात इन्सुलिन फार झाले की मानेवर, काखेत अशी कातडी काळवंडते. भगिनींनो, आपल्या मुलामुलींची मान आज घरी गेल्यावर पाहा, आणि असा पट्टा दिसला तर घासू नका, दवाखान्यात दाखवा.

दुसरी खूण सुतळीची. मुलाला भिंतीशी उभे करून डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी मोजून तोडावी. ती मधोमध दुमडावी आणि बेंबीवरून कमरेभोवती गुंडाळावी. टोके जुळली तर बरे. टोकांत अंतर राहिले, म्हणजे पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक झाला, तर लक्ष देण्याची वेळ आली. याला ना काटा लागतो ना पैसा. तिसरी खूण मुलींची. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने न येणे, हनुवटीवर दाट लव येणे, आणि जोडीला वजन वाढणे, याचे मूळही पुष्कळदा ह्याच इन्सुलिनच्या बिघाडात असते. त्यावर 'लग्न झाले की होईल सुरळीत' असे म्हणून गप्प बसू नये. चौथी खूण म्हणजे जिना चढताना धाप लागणे, झोपेत मोठ्याने घोरणे. आणि ज्या घरात आई-वडील, आजी-आजोबा यांना मधुमेह आहे, त्या घराने तर खुणेची वाटच पाहू नये.

तपासणी अवघड नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त दिले, आणि साखर १०० च्या आत आली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ च्या वर गेली तर पुन्हा तपासून डॉक्टर मधुमेह ठरवितात. शाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, ते अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. मोठ्या सरकारी दवाखान्यांतून किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' नावाने सल्ला केंद्रे चालतात. तेथे मुलगी आपल्या पाळीविषयी मोकळेपणी विचारू शकते.

आता येते ते आपल्या हातातले, म्हणजे खाणे. आपल्या भागाचे खाणे मुळात काही वाईट नव्हते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, येसराची आमटी, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, अंबाडी, चुका, तांदूळजा, घोळ, पाथरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर ताक. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तीन ग्रॅमसुद्धा नाही. चोथा असला की साखर रक्तात हळूहळू उतरते आणि पोट उशिरापर्यंत भरलेले राहते. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले, तेही भारताच्या सूचनेवरून. जग ज्वारी-बाजरीकडे पाहू लागले, आणि आपली मुले ताटातील भाकरी पाहून तोंड वाकडे करतात. 'भाकरी म्हणजे गरिबाचे अन्न' हे त्यांना कोणी शिकविले? पाहुणे आले की भाकरी झाकून पोळ्या करणाऱ्या घरांनीच ना?

भाकरीच्या जागी आले काय ते मोजू या. सकाळी शिकवणीला जाताना चहा आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. मधल्या सुटीत वडापाव किंवा पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट. संध्याकाळी नूडल्स. सुटीच्या दिवशी थंड पेयाची बाटली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाला वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या, म्हणजे सहा चहाचमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. पाव लिटरच्या एका थंड पेयात साधारण तेवढी साखर असते. म्हणजे एक बाटली प्याली की दिवसाचा कोटा संपला, आणि अजून चहा, बिस्किटे, शिरा बाकीच. ताकद वाढविणारी म्हणून दुधात घालावयाची जी पूड आपण महागाने आणतो, तिच्या डब्यावरचे बारीक अक्षर वाचा. पुष्कळशा डब्यांत साखरेचे नाव वरच्या ओळीत असते. २०२४ साली केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असे बजावले.

सरकारने आपल्या परीने नियम केले आहेत. २०१७ च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांत अति तेलकट, खारट, गोड पदार्थ विकण्यास मनाई केली. २०२० साली देशभरासाठी नियम झाला की असे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत विकू नयेत. २०२५ साली सी. बी. एस. ई. ने आपल्या शाळांना सांगितले की कोणत्या खाण्यात किती साखर आहे याचा फलक लावा. पण पन्नास मीटर म्हणजे मुलांची साठ-सत्तर पावले! एकसष्टाव्या पावलावर गाडा उभा असतो, आणि त्या गाड्यावर खर्च होणारे दहा रुपये आपणच सकाळी हातावर ठेवलेले असतात. त्यातून शाळेतील पोषण आहार आठवीपर्यंतच. नववीपासून मूल डब्याला लाजते आणि पैसे मागते. धोक्याचे वय सुरू होते ते नेमके येथे.

तेव्हा करावे काय? माझ्या समजुतीप्रमाणे ताटाचे चार भाग करावेत. दोन भाग भाजी, पालेभाजी, काकडी-टोमॅटो-मुळा. एक भाग भाकरी किंवा भात. एक भाग वरण, उसळ, अंडे किंवा मासे-मटण खाणाऱ्यांकडे ते. भाकरी चांगली म्हणून चार-चार खाव्यात असे नव्हे, आणि भाकरी, भात, बटाटा, साबुदाणा हे चौघे सख्खे भाऊ आहेत हेही ध्यानात असावे. आधी भाजी-उसळ खावी, मग भाकरीचा घास घ्यावा, याने साखर एकदम चढत नाही. शाळेच्या डब्यात भाकरी-मेथी, धपाटे-दही, मटकीची उसळ, उकडलेले अंडे द्यावे. संध्याकाळच्या भुकेला मूठभर फुटाणे-शेंगदाणे, हंगामात पेरू, बोरे, आपल्या बालाघाटाची सीताफळे, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. फळ खावे, फळाचा रस काढून त्यात साखर घालू नये. तहानेला पाणी किंवा ताक. चहाची साखर एकदम तोडली तर मुले बंड करतात. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावी, जिभेला कळतसुद्धा नाही. तेल महिन्याला माणशी अर्धा-पाऊण लिटरवर जाऊ देऊ नये. किराणा आणतानाच हिशेब करावा, कढईपाशी हिशेब होत नाही.

उन्हाळ्यात भाज्या महाग होतात हे खरे. त्या वेळी हुलगे, मटकी, मूग यांना मोड आणून भाजीची जागा भरावी. मोडाच्या कडधान्याइतके स्वस्त आणि कसदार दुसरे काही नाही. उपवासाचेही सांगते. आपण तुळजाभवानीच्या अंगणातली माणसे, नवरात्र आपल्या घराघरांत. मुलीही हौसेने नऊ दिवस धरतात. पण दोन वेळा तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि मधे बटाट्याचे वेफर्स म्हणजे उपवास नव्हे, ती मेजवानी आहे. वाढत्या मुलींनी पहिला आणि शेवटचा दिवस धरावा, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, थोडी भगर, ताक, फळ घ्यावे. देवी त्याने रागावणार नाही. आणि येळवशीला शेतात भज्जी, आंबील, उंडे खाऊन मुले दिवसभर बांधावरून हिंडतात, कुंथलगिरीचा पेढा कोणी आणला तर एखादा तोंडात टाकतात, याला माझी काडीची हरकत नाही. सणाच्या दिवशी गोड व्हावेच. रोजच सण केला की घात होतो.

काय करू नये तेही सांगितले पाहिजे. पहिले, वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. दोन वेळाच जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत आपल्या लातूर-धाराशिवकडे घरोघर ठाऊक आहे. पुष्कळ मोठ्या माणसांनी ती धरली. पण ती मोठ्यांसाठी. ज्याची हाडे अजून वाढत आहेत, ज्या मुलीची पाळी नुकती सुरू झाली आहे, त्यांना ती लावू नये. मुलाची उंची वाढत असते, तेव्हा पुष्कळदा वजन घटविण्याची गरजच नसते. आहे तेथे थांबवून धरले तरी उंची पुढे जाते आणि अंग आपोआप बेतात येते. दुसरे, वजन उतरविण्याच्या पुड्या, चहा, गोळ्या कोणी घरी विकायला आले तर दारातूनच परत पाठवावे. तिसरे, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, मुलांना टोचून बोलू नये. 'ढोली', 'भोपळा' अशी नावे ठेवणे, 'हिला कोण करून घेणार' असे मुलीसमोर म्हणणे, याने कोणी बारीक झाल्याचे मी पाहिले नाही. मुलगी चारचौघांत खायचे सोडते आणि रात्री डबे उघडून चोरून खाते, एवढेच होते. आपल्याला मुलीचे रूप नको आहे, तिचे आरोग्य हवे आहे. गोऱ्या-काळ्याची, जाड-बारीकची भाषा घरातून काढावी, आणि ताट बदलायचे तर साऱ्या घराचे बदलावे. बाप भजी खातो आणि मुलगी काकडी, असे ताट टिकत नाही.

आता खेळणे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी एक तास, अंगाला घाम येईल, श्वास भरभर चालेल अशी हालचाल सांगितली आहे. त्यात आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे-स्नायू बळकट करणारी मेहनत असावी, जशा दोरीउड्या, बैठका, सूर्यनमस्कार. एक तास एकदम नको, तुकड्यांनी चालेल. शाळेला पायी किंवा सायकलने जाणे यात धरावे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे अंगणात शतपावली केली तरी स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. चालणाऱ्या पायांना त्या वेळी इन्सुलिनची फार वाट पाहावी लागत नाही. आणि काटा हलला नाही तरी निराश होऊ नये. वजन तसेच राहूनही व्यायामाने साखर, रक्तदाब आणि यकृतावरची चरबी सुधारते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मात्र सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावरच खेळावे. ज्याला धाप फार लागते त्याने आधी डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या मातीत यासाठी वेगळे काही आणायला नको. आश्विनात सोलापुराहून तुळजापूरपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर चालत येणारी माणसे आपण दर वर्षी पाहतो. पंचमीचे झोके, गौरीपुढच्या फुगड्या, झिम्मा, पिंगा हे आपल्या आयांचे व्यायामच होते, त्यांना गाण्याची चाल होती एवढेच. आणि खो-खो! दोन खांबांमधल्या चौकोनांत आठ जणी बसतात आणि नववी धावते. क्षणात बसणे, क्षणात उठणे, वळणे, झेप घेणे, यात बैठका, पळणे, लवचिकपणा सारे आले, आणि खर्च दोन खांबांचा. या खेळाने आपल्या जिल्ह्याचे नाव देशात गेले. उस्मानाबादची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय मुलींच्या संघाची कर्णधार होती, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोचा पहिला जागतिक करंडक झाला, तोही भारताच्या मुलींनी महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला.

हे सारे ऐकून आपण टाळ्या वाजवितो. पण आपल्या आळीतील किती मुली आज मैदानावर जातात? मुलगी बाराची झाली, पाळी आली, की तिचे खेळणे बंद. 'मोठी झाली आता, बाहेर काय उड्या मारायच्या?' असे म्हणणाऱ्या पुरुष नाहीत, आपणच आहोत. मुलगा संध्याकाळी निदान क्रिकेट तरी खेळतो. मुलगी शाळेतून येते, भांडी घासते, अभ्यासाला बसते, नाही तर मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसते. आणि मग आपणच म्हणतो, हिचे वजन का वाढले, हिची पाळी का चुकते? हीच मुलगी उद्या आई होणार आहे. तिचे अंग आज सुधारले तर तिच्या पोटातील बाळाचे सुधारेल. याज्ञिकांच्या अभ्यासाचे सार मला तरी हेच वाटले, की मधुमेह आईच्या पोटापासून रोखावा लागतो.

झोपेचेही एक वाक्य सांगते. ह्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला शिकवणी, अशा मुलाला दिवसभर गोड-तळलेले खावेसे वाटते, तो त्याच्या जिभेचा दोष नव्हे, अपुऱ्या झोपेचा आहे. रात्री दहानंतर सारे मोबाइल, आई-वडिलांचेसुद्धा, एका फळीवर ठेवावेत.

याने खरोखर गुण येतो का, असे कोणी विचारील. मोठ्या माणसांपुरते उत्तर मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी दिले आहे. साखर उंबरठ्यावर असलेली माणसे घेऊन त्यांनी पाहिले. २००६ साली ते छापून आले. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना खाण्यात बदल आणि रोजचे चालणे नीट शिकवून पाठपुरावा केला, त्यांच्यात तो ३९ टक्क्यांना झाला. म्हणजे सगळेच वाचतात असे नव्हे, पण पुष्कळ वाचतात. आणि मुलांच्या अंगात तर सुधारणेची ताकद मोठ्यांपेक्षा अधिक. त्या दहावीतल्या मुलाच्या घरी ताट बदलले, बाप-लेक दोघे पहाटे हातलाईच्या डोंगराच्या दिशेने चालू लागले, थंड पेयाची बाटली घरात यायची थांबली. आठ महिन्यांनी त्याची साखर शंभराच्या आत आली. वजन फारसे उतरले नव्हते, पण तो चार बोटे उंच झाला होता आणि मानेचा पट्टा फिका पडू लागला होता. डॉक्टरांनी वर्षाला एकदा तपासत राहा म्हणून सांगितले आहे, आणि ते घर तसे करते आहे.

परदेशातील एकच गोष्ट सांगून आवरते. जपानने युद्धानंतर, १९५४ साली, शाळेतील जेवणाचा कायदा केला. तेथे मुले वर्गातच एकत्र जेवतात, आळीपाळीने एकमेकांना वाढतात आणि जागा स्वच्छ करतात. जेवण हाच एक धडा समजतात. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होवो, पण मंडळ तर आपले आहे. म्हणून मी मंडळापुढे नम्रपणे तीन सूचना ठेवते.

पहिली, यापुढे मंडळाच्या हळदीकुंकवाला, बक्षीस समारंभाला आणि मुलांच्या कार्यक्रमाला थंड पेय आणि पाकिटातले खाणे आणू नये. उसळ, फळ, ताक, राजगिऱ्याचा लहान लाडू पुरे. खर्चही कमीच होईल.

दुसरी, दर सहा महिन्यांनी एका दुपारी मुलामुलींची उंची, वजन आणि सुतळीने कंबर मोजून वहीत लिहावी. आकडा मोठ्याने वाचू नये, त्याच्या आईच्या कानात सांगावा. ज्यांना गरज आहे त्यांना आशाताईंबरोबर दवाखान्यात पाठवावे.

तिसरी सूचना सर्वांत अवघड. जवळच्या शाळेचे मैदान संध्याकाळी एक तास मुलींसाठी मागून घ्यावे. मुख्याध्यापकांना मंडळाच्या नावाने पत्र द्यावे. रोज आपल्यापैकी दोघीजणी पाळीने तेथे जाऊन बसतील, म्हणजे कोणा आईला काळजी नाही आणि कोणा टवाळाला संधी नाही. बसणाऱ्यांनीही नुसते बसू नये, मैदानाला चार फेऱ्या माराव्यात, आपल्या गुडघ्यांनाही त्याची गरज आहे. तासभर कामाचे काय, असे कोणी म्हणेल. त्या तासाची भांडी घरातल्या मुलांनी घासावीत, त्यांचाही व्यायाम होईल!

पहिल्या दोन सूचनांना आज टाळ्या मिळतील हे मला ठाऊक आहे. तिसरीला किती हात वर होतात ते मी पाहणार आहे, कारण आपल्या मुलींचे भले त्या हातांवर अवलंबून आहे. ज्या बाया पाळीला बसायला तयार असतील त्यांनी जाण्यापूर्वी कार्यवाहताईंच्या वहीत आपले नाव आणि वार लिहावा. सोमवार आणि गुरुवार मी माझ्या नावावर लिहून ठेवले आहेत.